रबरी नाव घेण्यापूर्वीं

पर्जन्याच्या बाबतींत कृपण अशा ज्या तालुक्यांचें नांव या प्रांतांत निघतें, त्यांत आमचें कर्जत आहे. (रायगड जिल्ह्यांतलें कर्जत निराळें, तेथें पाऊस धो धो कोसळतो, आणि तिकडचीं पत्रें इकडे व इकडचीं तिकडे हा घोटाळा आमच्या लहानपणापासून चालू आहे.) भूगोल शिकवितांना सरोवर म्हणजे काय हें मुलांस दाखवावयाचें, तर जवळ एक पाझर तलाव तेवढा होता, आणि वैशाखांत त्याच्या तळाशीं तींच मुलें चेंडू खेळत. परंतु तालुक्याच्या दक्षिणेच्या शिवेवरून भीमा वाहते, आणि इ. स. १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें झाल्यापासून तिचें रूप पालटलें. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्याच्या माढे तालुक्यांत. पण तिनें अडविलेलें पाणी मागें सरत सरत करमाळा, इंदापूर आणि कर्जत या तालुक्यांच्या शेतांवर पसरलें. जलाशय पूर्ण भरला म्हणजे त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी सांठतें. खेड-दुधोडीच्या अंगाला आश्विनांत जाऊन उभें राहिलें, तर ज्यानें समुद्र पाहिला नाहीं त्याला तो पाहिल्यासारखें वाटावें.

या पाण्याला आतां आमच्या घरांतील तरुण मंडळी भुलूं लागली आहे. पुण्याहून सुटीला येणारीं मुलें पोत्यांत मावणारी, हवा भरून फुगविण्याची रबरी नाव विकत घेण्याच्या गोष्टी बोलतात. तिला मागें लहानसें यंत्र लावावें, पहांटे पाण्यावर जावें आणि गळ टाकून बसावें, असा त्यांचा मनोदय असतो. गेल्या कांहीं महिन्यांत तीन घरांतून आम्हांला या विषयीं विचारणा झाली. तरुणांचा प्रश्न असा कीं, पहिली नाव कोणती घ्यावी व तिला यंत्र कोणतें लावावें. वडीलधाऱ्यांचा प्रश्न त्याहून थोडक्यांत आहे : घेऊं द्यावी कीं नाहीं? आम्ही नावाडी नव्हे. पण पदार्थविज्ञानाचे धडे तीस-बत्तीस वर्षें शिकविले आहेत, आणि भीमेच्या कांठचे लोक पाण्याशीं कसे वागतात हेंहि पाहिलें आहे. तेवढ्या भांडवलावर लिहितों.

आधीं घरांतील मातृवर्गाचा आक्षेप घेतों, कारण तो चुलीपाशीं उद्भवतो आणि तेथें निकाल लागल्याशिवाय पुढें पाऊल पडत नाहीं. 'आपल्या घरीं मासे कोण खातें? मग हा गळ कशाला?' असें एका वृद्ध भगिनींनीं लिहिलें आहे. नातवाचें उत्तर असें कीं, मासा धरून पुन्हां पाण्यांत सोडावयाचा, खावयाचा नाहीं. या उत्तरानें आजींचें समाधान झालेलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि पुरतें झालेलें नाहीं. ज्याच्या ओठांत लोखंड रुततें त्याला आपण शाकाहारी आहों हें कळण्याचा मार्ग नाहीं. तथापि ही करमणूक परदेशांतून आलेलें खूळ आहे असें जें समजलें जातें, तें मात्र यथार्थ नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरणच आहे. माशांच्या जाति, त्यांना आवडणारीं आमिषें, दोरी व काठी कशी असावी, या सर्वांचा त्यांत राजाला साजेसा विस्तार आहे. तेव्हां नातवानें निदान एवढें पाळावें : गळाला उलटा कांटा नसावा, मासा ओल्या हातानें धरावा, आणि श्वास रोखून आपण जितका वेळ राहूं शकतों त्याहून अधिक वेळ त्याला बाहेर ठेवूं नये. चैत्र-वैशाखांत पाणी तापून त्यांतील प्राणवायु कमी होतो; त्या दिवसांत सोडलेला मासाहि पुष्कळदां वांचत नाहीं. तेव्हां हा विनोद हिवाळ्यापुरताच ठेवावा. पुढें दिसून येईल कीं माणसाच्या जिवाच्या दृष्टीनेंहि तोच काळ बरा आहे.

हवेवर तरंगण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत सैन्यानें नदी कशी उतरावी हें सांगतांना नौकांबरोबर अलाबु म्हणजे भोपळे आणि दृति म्हणजे फुगविलेल्या कातड्याच्या पिशव्या यांचा उल्लेख येतो. भीमेवर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पलीकडे जाणारे लोक आमच्या आजोबांनीं पाहिले होते. उसाच्या गांवीं गूळ करण्याची काईलच पाण्यांत लोटून तींतून माणसें पार नेण्याची रीत होती. आणि हल्लींहि तलावावर मोटारीच्या चाकाच्या रबरी नळीवर बसून जाळें टाकणारा कोळी दिसतो. पश्चिमेकडे १८४० च्या दशकांत पीटर हॉल्केट नांवाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानें रबर चढविलेल्या कापडाचा एक झगा केला. तो अंगावर घेतला तर पावसांत उपयोगी, आणि फुगविला तर नाव! शिडाच्या जागीं छत्री. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश धुंडाळणाऱ्या जॉन रे यानें हॉल्केटच्या पद्धतीची नाव प्रत्यक्ष वापरली. पुढें १९३० च्या दशकांत फ्रान्समध्यें पिएर दब्रूतेल यानें दोन्ही बाजूंस फुगीर नळ्या व मागें यंत्र लावण्यास फळी असा जो घाट काढला, तोच थोड्या फरकानें अद्यापि चालू आहे. त्याच देशांतील आलँ बोंबार या वैद्यानें १९५२ मध्यें सुमारें साडेचार मीटर लांबीच्या अशा नावेंतून एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला. हें सांगण्याचा हेतु इतकाच कीं, 'रबराचें खेळणें' म्हणून या वस्तूची हेटाळणी करूं नये. खेळणीं निराळीं असतात, आणि बाजारांत तींहि नाव या नांवानेंच विकलीं जातात. खरी मेख तेथें आहे.

खेळण्याचें कापड हें कापडच नसतें. तो नुसता पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा, नखानें दाबला तर वळ उठणारा. खऱ्या नावेच्या नळ्या बळकट विणीच्या पॉलिएस्टर कापडावर दोन्ही बाजूंनीं पीव्हीसीचा थर चढवून केलेल्या असतात; जाडी पाऊण ते एक मिलिमीटरपर्यंत. दुसरा प्रकार हायपॅलॉन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम रबराचा. तो ऊन व तेल अधिक सोसतो, पण फार महाग पडतो. वर्षांतून पंधरा-वीस वेळां पाण्यावर जाणाराला पीव्हीसी पुरे. मात्र ती नाव उन्हांत सोडून जाण्याची नव्हे. सांधे चिकटविलेले आहेत कीं उष्णतेनें जोडलेले, हें विचारावें. आमच्या उन्हाळ्यांत सरसाची परीक्षा फार कडक होते, म्हणून उष्णतेनें जोडलेले सांधे पत्करावे.

नळीचे कप्पे किती, हा दुसरा प्रश्न. तळाचा सोडून निदान तीन स्वतंत्र कप्पे हवेत. एक फुटला तरी बाकीच्यांनीं माणसांस कांठापर्यंत आणिलें पाहिजे. येथें आर्किमिडीजचा सिद्धांत घरबसल्या लावून पाहतां येतो. चाळीस सेंटिमीटर व्यासाची एक मीटर लांब नळी पाण्यांत पुरी दाबली तर सुमारें सवाशें किलो पाणी बाजूस सारते. तीन मीटरांच्या नावेंत अशी नळी सारी मिळून सहा मीटर धरली, तर साडेसातशें किलो भार पेलण्याची शक्ति झाली. एक कप्पा गेला तर पांचशें राहील. यावरून कोणीं बारा माणसांचा हिशेब करूं नये! नावेवर कारखान्याची पाटी असते. तींत माणसें किती, एकूण वजन किती आणि यंत्र जास्तींत जास्त किती शक्तीचें, हे तीन आंकडे दिलेले असतात, व ते आपल्या हिशेबापेक्षां बरेच कमी असतात. पाटीचेंच ऐकावें. पाटी नसेल, किंवा फुगविण्याच्या नावांसाठीं ठरलेल्या आयएसओ ६१८५ या मानकाचा तीवर निर्देश नसेल, तर ती नाव दुकानांतच राहूं द्यावी. लांबीविषयीं आमचें मत असें कीं, दोघांसाठीं पावणेतीन ते तीन मीटर हें माप योग्य. भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नावांचे जे प्रकार दिले आहेत, त्यांतील सर्वांत धाकट्या 'क्षुद्रा' नावेची लांबी सोळा हात आहे. म्हणजे आमच्या तरुणांची नाव क्षुद्रेच्या निम्म्यानेंहि नाहीं. (त्याच यादींत 'भीमा' नांवाचीहि एक नाव आहे. ती आमच्या नदीवर कधीं आली होती कीं नाहीं, देव जाणे.)

तळ मऊ असेल तर उभें राहतां येत नाहीं, आणि गळ टाकणारा मनुष्य उभा राहिल्याशिवाय राहत नाहीं. लांकडी वा ॲल्युमिनियमच्या फळ्यांचा तळ भक्कम, पण जड आणि जुळविण्यास कटकटीचा. आंत हजारों धाग्यांनीं वरचा व खालचा पडदा बांधलेला, हवेनें फळीसारखा ताठ होणारा तळ मिळतो, तो पहिल्या नावेस आम्हांला अधिक पसंत आहे. नळ्यांत हवा सुमारें पाव बार दाबाची भरतात. या तळांत त्याच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून पंपावर दाबाचा कांटा असलाच पाहिजे. 'हातानें चेपून पाहिलें, ठीक वाटलें' ही परीक्षा सायकलीच्या चाकाला शोभते.

दाबाचा विषय निघालाच आहे तर आमच्या हवेची एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी दुकानदार सांगत नाहीं. पहांटे सत्तावीस अंश उष्णता असतांना पाव बार दाब भरला. नाव कांठावर ओढून ठेवली, आणि दुपारच्या उन्हांत काळसर कापडाखालची हवा सत्तावन्न अंशांपर्यंत तापली. वायूचा दाब निरपेक्ष उष्णतामानाच्या प्रमाणांत वाढतो : तीनशें अंशांचे तीनशें तीस झाले, म्हणजे दहांत एक भर पडली. पण ती भर बाहेरच्या वातावरणासह जो सव्वा बार, त्यावर पडते. सव्वाचे एक पूर्णांक पावणेचार दशांश झाले. वातावरणाचा एक वजा केला कीं पावाच्या जागीं पावणेचार दशांश बार उरतो. कापड किंचित् ताणतें म्हणून प्रत्यक्षांत थोडें कमी भरेल, तरी दीडपटीच्या आसपास खरेंच. सांधे उकलतात ते असे. याच्या उलट, कांठावर उन्हांत ठीक भरलेली नाव थंड पाण्यांत घातली कीं सैल पडते. म्हणून पाण्यांत घालून दहा मिनिटांनीं दाब पुन्हां पाहावा. कांठावर ओढली कीं थोडी हवा सोडावी आणि नाव सांवलींत ठेवावी. सांवली मात्र बाभळीची नको. उजनीचें पाणी उन्हाळ्यांत मागें हटतें तेव्हां जी जमीन उघडी पडते, तींत वेड्या बाभळीचीं खुंटें आणि चिखलांत बुडालेले कांटे यांची रेलचेल असते. शिवाय बुडालेल्या गांवांच्या भिंती, विहिरींचे कांठ आणि जुने बांध पाण्याखालीं हातभर खोलीवर दबा धरून असतात. दुरुस्तीचें साहित्य घरीं कपाटांत न ठेवतां नावेंतच ठेवावें.

आतां यंत्र. येथें तरुणांचा ओढा मोठ्याकडे असतो आणि वडिलांचा स्वस्ताकडे; दोघांनींहि थोडें थांबावें. प्रकार दोन : पेट्रोलचें आणि विजेचें. पेट्रोलचें अडीच अश्वशक्तीचें चार-स्ट्रोक यंत्र सतरा-अठरा किलो वजनाचें असतें; पांच-सहा अश्वशक्तीचें पंचवीस किलोच्या घरांत जातें. जुनीं दोन-स्ट्रोक यंत्रें हलकीं व स्वस्त मिळतात, पण तीं पेट्रोलांत मिसळलेलें तेल धुरावाटे पाण्यांतच ओकतात, आणि उजनीचें पाणी सोलापूर शहर पितें. तीं घेऊं नयेत. कोणतेंहि घेतलें तरी दांडा आंखूड, पंधरा इंची, असावा. लांब दांड्याचा पंखा आमच्या उथळ कांठाला चिखल ढवळीत बसेल.

विजेचें यंत्र आवाज करीत नाहीं, धूर सोडीत नाहीं, आणि पहिल्या वर्षीं शिकणाराला त्याच्या मंद गतीमुळेंच तें योग्य असतें. त्याची शक्ति अश्वांत न सांगतां पाउंडांच्या रेट्यानें सांगतात. ५५ पाउंड रेट्याचें यंत्र बारा व्होल्टवर पुऱ्या वेगानें चालवलें तर सुमारें पन्नास अँपिअर प्रवाह ओढतें. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करूं नये. म्हणजे पुऱ्या वेगाचा एक तास मिळाला. अर्ध्या वेगानें अडीच-तीन तास निघतील. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची तेवढीच बॅटरी निम्म्याहून कमी वजनाची असते आणि जवळजवळ सारी वापरतां येते, पण किंमत ऐकून घरच्या मंडळींस घाम फुटतो. मग मुलांच्या मनांत येतें कीं जिन्याखालीं इन्व्हर्टरची बॅटरी आहेच, ती एका सकाळपुरती उचलून न्यावी. आमची सक्त मनाई आहे. ती एका माणसाला धड उचलतां येत नाहीं, हेलकाव्यांत तींतील आम्ल सांडलें तर पायाला लागेल, आणि त्या दिवशीं वीज गेली म्हणजे घरांत जें होईल त्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं. बॅटरीच्या धन टोकापाशीं योग्य मापाचा फ्यूज अवश्य लावावा. पंख्यांत जाळें अडकलें कीं प्रवाह एकदम वाढतो आणि तार तापते.

पण यंत्राचा खरा हिशेब वाऱ्याशीं आहे, आणि या लेखांतील जो भाग वडिलांनीं मोठ्यानें वाचून दाखवावा असें आम्हांला वाटतें तो हाच. रबरी नाव पाण्याच्या वर फार व पाण्यांत थोडी असते; म्हणजे ती अर्धी नाव आणि अर्धी पतंग आहे. दोन माणसें बसलेल्या नावेचा वाऱ्यासमोर येणारा भाग दीड चौरस मीटर धरूं. ताशीं वीस किलोमीटरचा वारा असला तर तो तिला सुमारें पावणेतीन किलोच्या जोरानें ढकलतो. यंत्राला त्याचें कांहींच वाटत नाहीं. वारा तिप्पट झाला, ताशीं साठ, तर जोर तिप्पट होत नाहीं, नऊपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानें वाढतो. म्हणजे झाला सुमारें पंचवीस किलो. आणि ५५ पाउंडांचा पुरा रेटा किती? पंचवीस किलो. तेव्हां यंत्र पुऱ्या शक्तीनें फिरत आहे, बॅटरी संपत आहे, आणि नाव जेथल्या तेथें. लाटा त्यांत धरल्याच नाहींत. वैशाखांतील वळवाच्या वाऱ्याला ताशीं साठ हा वेग कांहीं जड नाहीं. पेट्रोलचें मोठें यंत्र घेतलें तर पुढें सरकतां येईल, परंतु मागें वजन व पुढें रितें अशी ती हलकी नाव लाटेवर नाळ उचलते, आणि त्या उचललेल्या नाळेखालीं वारा शिरला कीं ती पालथी होते. यंत्र वाढवून वादळाचें उत्तर मिळत नाहीं. तें वेळेचें कोष्टक पाळून मिळतें.

२१ मे २०२४ या दिवशीं सायंकाळीं याच जलाशयांत, करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यांत उलटली. सात माणसांपैकीं एक पोहून कांठाला लागला. सहा गेलीं, त्यांत लहान मुलें होतीं. दोनच दिवसांनीं, २३ मे रोजीं, आमच्याच जिल्ह्यांत अकोलें तालुक्यांत प्रवरेच्या पात्रांत बुडालेल्यांचा शोध करणाऱ्या राज्य आपत्ति प्रतिसाद दलाची नाव उलटली आणि त्या दलाचे तीन जवान मृत्यु पावले. हीं शिकलेलीं, सराव असलेलीं माणसें होतीं. ज्यांचा पाण्याशीं संबंध स्नानापुरता, त्यांनीं आपल्या पोहण्याच्या पदकांवर किती विसंबावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

म्हणून घरांत नाव येण्यापूर्वीं कांहीं गोष्टी ठरून गेल्या पाहिजेत. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे महिने. सूर्योदयानंतर निघावें आणि दहाच्या सुमारास कांठाला असावें. फाल्गुन संपला कीं नाव माळ्यावर. आश्विनांतहि मेघ गडगडत असतील तर बेत रद्द. जातांना नेहमीं वाऱ्याच्या तोंडाकडे जावें, म्हणजे यंत्र थांबलें तर वारा घराकडे आणील. पुष्कळ लोक याच्या उलट करतात, कारण जातांना वारा पाठीशीं असला म्हणजे बरें वाटतें. कांठापासून पोहून येतां येईल त्याहून दूर जाऊं नये. लाइफ जॅकेट पोत्यांत नव्हे, अंगावर, आणि पोहतां येणाऱ्याच्याहि अंगावर. न पोहणाऱ्यासाठीं तें निदान शंभर न्यूटन उचल देणारें असावें, कारण डोकें पाण्यावर ठेवण्याचें काम तेव्हां त्यालाच करावें लागतें. मुलांना त्यांच्या मापाचें. वडिलांचें जॅकेट मुलाला घातलें तर मूल खालून निसटतें आणि जॅकेट तेवढें तरंगतें. पेट्रोलच्या यंत्राची बंद करण्याची दोरी चालविणाऱ्याच्या मनगटाला अडकविलेली असावी. वल्हीं दोन, शिटी एक, नांगराला पुरेशी दोरी. आणि कोठें जातों व केव्हां येतों हें घरीं सांगून जाणें. शेवटच्या गोष्टीचा तरुणांना राग येतो. येऊं द्यावा.

नाव घेतली म्हणजे पाणी आपलें झालें असें नव्हे. जलाशय पाटबंधाऱ्यांकडचा, तेथील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेले असतात. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागीं आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नें यंत्रानें चालणाऱ्या नावांची पाहणी व नोंदणी सांगितली आहे. महाराष्ट्रांत त्याविषयीं मेरीटाईम बोर्डाकडे विचारावें लागतें. तेव्हां पैसे देण्याआधीं जलसंपदा खातें, बोर्ड व स्थानिक संस्था या तिघांना पत्र लिहावें आणि उत्तर लेखी घ्यावें. 'सगळे असेच जातात' हा पुरावा नव्हे. त्याहून महत्त्वाचें म्हणजे कांठच्या भोई मंडळींशीं आधीं बोलावें. आपल्या एका सकाळच्या करमणुकीसाठीं पंखा ज्या जाळ्यावरून जाईल, तें जाळें कोणाच्या तरी घरचा महिन्याचा किराणा असतें. त्यांचीं जाळीं कोठें टाकलेलीं असतात, खुंटें कोठें आहेत, कोणत्या बाजूनें वारा अचानक उतरतो, हें त्यांच्याइतकें कोणालाहि ठाऊक नाहीं. चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम यांच्या जागा तेच दाखवितील; आणि वारा बदलला कीं तेच हांक मारतील. हिवाळ्यांत भिगवणच्या बाजूला उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्यांत यंत्र घालून छायाचित्रें काढण्याचा जो प्रकार चालतो, तो आमच्या वाचकांच्या घरांतून होऊं नये. जलपर्णीचे तुकडे पंख्यांत व तळाशीं अडकून राहतात. एका तलावावरून दुसऱ्यावर जातांना ते काढून टाकावेत. सीना धरण आपल्याच तालुक्यांत आहे; उजनीची घाण तिकडे नेण्याचें कारण नाहीं.

घरीं आणलेल्या नावेचा मुख्य शत्रु उंदीर. धान्याच्या खोलींत ठेवूं नये. गोड्या पाण्यानें धुवून, सांवलींत पुरी वाळवून, सैल घडी घालून, टांगलेल्या पेटींत ठेवावी. शिशाची बॅटरी भारित करतांना तींतून पेट घेणारा वायु निघतो, म्हणून ती देवघराजवळ, निरांजनाच्या शेजारीं, ठेवूं नये. एकत्र कुटुंबांत चौघा भावांनीं मिळून नाव घ्यावयाची असेल तर वांटणी पैशांचीच नव्हे, धुण्या-वाळविण्याचीहि आधीं करावी. आम्हांला जी एक सामाईक शिलाई-यंत्राची कथा ठाऊक आहे, तींत शेवटीं सुई कोणीं मोडली हें तीन पिढ्या ठरलेलें नाहीं.

तेव्हां घेऊं द्यावी काय? अठरा वर्षें पुरीं झालेल्या, पोहतां येणाऱ्या व वर लिहिलेल्या गोष्टी कबूल करणाऱ्या मुलाला घेऊं द्यावी, असें आमचें मत आहे. तो पुण्याहून कर्जतला येण्यास कारण शोधतो आहे, हें कांहीं थोडें नव्हे. पहिल्या वर्षीं यंत्र घेऊंच नये. नुसत्या वल्ह्यांवर एक हिवाळा काढावा, आणि वाऱ्यांत हात दुखले म्हणजे यंत्राचें माप आपोआप कळेल. दुसऱ्या वर्षीं विजेचें.

ज्या आजींनीं गळाविषयीं आक्षेप लिहिला, त्यांनीं पत्राच्या शेवटीं आणखी एक ओळ जोडली आहे : धरणाच्या आधीं त्यांच्या माहेरचें शेत जेथें होतें, तें पाणी एकदां जवळून पाहावेंसें वाटतें, नातवाबरोबर त्या नावेंत बसतां येईल काय? येईल. पौषांतली निवांत सकाळ पाहावी, जॅकेट लुगड्यावरून घट्ट बांधावें, नळीवर न बसतां मधल्या तळावर पाट ठेवून बसावें, आणि त्या दिवशीं नातवानें गळ घरीं ठेवावा.